मधुमेहात मेंदू जपायचा आहे, मग कोणती जीवनसत्त्वं द्यायची?

तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे उत्तर कशाला अनुसरून आहे ते कळेल. आईंचं वय ६६, मधुमेहाला १६ वर्षं झाली. साखरेसाठी मेटफॉर्मिन दिवसाला २ ग्रॅम, सोबत ग्लिमेपिराइड, शिवाय कित्येक वर्षं रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी. आहार पूर्ण शाकाहारी. अलीकडे त्या तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, हिशेबात गोंधळतात, रात्री तळव्यांची आग होते. कधी कधी पहाटे घाम येऊन जाग येते, पण दंडावरच्या साखर मोजणाऱ्या सेन्सरवर आकडा ठीक दिसतो. एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा, ६.३ आहे. घरात मल्टीव्हिटॅमिन, ई ४००, सी १०००, डी, केसांसाठी बायोटिन आणि एक ‘नसांची गोळी’ असं सगळं चालू आहे. यातलं काय ठेवावं आणि मेंदूचं नुकसान टाळायला आणखी काय सुरू करावं, असं तुम्ही विचारता.

आणखी काही सुरू करण्याआधी आहे त्यातलं निम्मं कमी करावं लागेल, असं मला दिसतं. एका जीवनसत्त्वाची मात्र खरोखर तातडीनं तपासणी हवी. आणि तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट जीवनसत्त्वांच्या यादीत नाहीच. ती आहे पहाटेचा घाम, कारण त्या वेळी साखर घसरलेली असू शकते.

मधुमेहात मेंदूला इजा नेमकी कशी होते ते थोडं समजून घ्या. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण दोन टक्के, पण ऊर्जा तो वीस टक्क्यांच्या आसपास खातो आणि त्यासाठी जवळजवळ पूर्णपणे ग्लुकोजवर अवलंबून असतो. त्यामुळे साखर फार वाढली तरी त्याचं बिघडतं, फार घसरली तरी बिघडतं. वर्षानुवर्षं वाढलेली साखर बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब करते, प्रथिनांना चिकटून त्यांना कडक बनवते, पेशींच्या आतलं ऊर्जाकेंद्र म्हणजे मायटोकॉन्ड्रिया बिघडवते. एमआरआयमध्ये हे पांढरे डाग, बारीक जुने स्ट्रोक आणि थोडा आकसलेला मेंदू अशा रूपात दिसतं. मधुमेह नसलेल्यांच्या तुलनेत स्मृतिभ्रंशाचा धोका ढोबळमानाने दीडपट धरला जातो. रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या स्मृतिभ्रंशाचा त्याहून अधिक. या सगळ्या घडामोडीत जीवनसत्त्वांना शिरकाव करायला जागा फार थोड्या आहेत. त्यातली सर्वांत मोठी जागा आहे बी-१२ची.

बी-१२ अन्नातून रक्तात पोचेपर्यंत त्याला बरीच नाकी पार करावी लागतात. जठरातल्या आम्लाने ते अन्नातल्या प्रथिनांपासून सुटं व्हावं लागतं, मग जठरातच तयार होणाऱ्या एका प्रथिनाला जोडलं जावं लागतं आणि शेवटी लहान आतड्याच्या टोकाला कॅल्शियमच्या मदतीने आत घेतलं जावं लागतं. ॲसिडिटीची गोळी पहिल्या नाक्यावर अडवते. मेटफॉर्मिन शेवटच्या नाक्यावर अडवतं. शाकाहारात मुळात आवकच कमी. आईंच्या बाबतीत ही तिन्ही कारणं एकत्र आली आहेत. यकृतात बी-१२चा साठा काही वर्षं पुरेल इतका असतो, म्हणून पहिली पाच-सात वर्षं काही जाणवत नाही आणि मग ‘इतकी वर्षं हेच औषध घेतेय, आत्ताच कसं काय झालं’ असं वाटतं. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत काही रुग्णांना मेटफॉर्मिन आणि काहींना बिनऔषधी गोळी चार वर्षांहून अधिक काळ दिली होती. मेटफॉर्मिनच्या गटात बी-१२ची पातळी तुलनेने १९ टक्क्यांनी खाली आली, आणि काळ गेला तशी घट वाढतच गेली.

नसांवरचं मायलिन हे आवरण टिकवायला बी-१२ लागतं. ते कमी पडलं की तळव्यांची आग, मुंग्या, अंधारात तोल जाणं, विसराळूपणा, चिडचिड, उदासी असं सगळं होतं. यातलं एकूण एक लक्षण मधुमेहाच्या खात्यावर सहज टाकता येतं, आणि टाकलं जातंही. ‘शुगरमुळे नसा गेल्यात’ असं एकदा कागदावर आलं की पुढे कोणी शोधत नाही. हिमोग्लोबिन उत्तम असतानाही मेंदू आणि मज्जारज्जू बाधित होऊ शकतात, त्यामुळे ‘ॲनिमिया नाही म्हणजे बी-१२ ठीक’ हे गणित चुकीचं आहे.

माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका यायच्या. मुलाची तक्रार होती की आई हल्ली ‘हरवल्यासारखी’ असते. मी १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क वाजवून पायाच्या अंगठ्यावर टेकवला. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, ‘सुरू केलात का?’ कंप घोट्यालाही कळत नव्हता, गुडघ्याशी पोचल्यावर कळला. पाय जोडून उभं करून डोळे मिटायला सांगितले, तर त्या लगेच एका बाजूला झुकल्या. बी-१२ खूपच खाली निघालं. इंजेक्शनं सुरू झाल्यावर काही महिन्यांत त्या पुन्हा वर्तमानपत्र वाचून त्यावर वाद घालू लागल्या. पायांची संवेदना मात्र अर्धवटच परतली, कारण मज्जातंतूंना उशीर मानवत नाही.

तपासणीत दोन खाचाखोचा आहेत. साधारणपणे रक्तात मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता मानतात. २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा, तिथे मिथाइलमॅलोनिक आम्ल किंवा होमोसिस्टीन, म्हणजे बी-१२ कमी पडलं की रक्तात साचणारे पदार्थ, तपासून पेशींना खरंच कमी पडतंय का ते बघतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर हे दोन्ही आकडे तसेही वाढतात, तेवढं ध्यानात ठेवून अर्थ लावायचा. दुसरी खाच तुमच्या घरातच आहे. ‘नसांच्या गोळी’त बहुधा बी-१२ असतं. ती चालू असताना रक्तातला आकडा छान दिसू शकतो. म्हणून डॉक्टरांना रिपोर्ट दाखवताना गोळीची पट्टीही दाखवा आणि ती कधीपासून चालू आहे ते सांगा.

कमतरता निघाली तर मेटफॉर्मिन बंद करायचं का? बहुतेक वेळा नाही. ते चांगलं औषध आहे, बी-१२ वरून द्यायचं. तोंडावाटे रोज १००० मायक्रोग्रॅम दिलं तर त्यातला जेमतेम एक टक्का कुठल्याही मदतीविना आतड्यातून झिरपून आत जातो, आणि तेवढाही पुरतो. पण आईंसारखी मेंदूची किंवा नसांची लक्षणं असतील तर सुरुवात इंजेक्शननं व्हावी असंच माझं मत आहे. नुसतं फॉलिक ॲसिड सुरू करू नका. त्यानं रक्ताचं चित्र सुधारतं आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहते. ॲसिडिटीची गोळी अजून लागते का, हेही एकदा विचारा. अनेकांची ती सुरू झाल्याचं कारण केव्हाच संपलेलं असतं.

आता साहजिक पुढचा प्रश्न: कमतरता नसताना बी गटाच्या गोळ्या भरपूर दिल्या तर मेंदूला जास्तीचं संरक्षण मिळेल का? याचं उत्तर दोन अभ्यास शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. ऑक्सफर्डमध्ये सत्तरीपुढच्या, सौम्य विसराळूपणा असलेल्या लोकांना दोन वर्षं फॉलिक ॲसिड, बी-१२ आणि बी-६ दिलं. २०१० मध्ये निष्कर्ष आला की मेंदू आकसण्याचा वेग सरासरी ३० टक्क्यांनी मंदावला, आणि फायदा मुख्यतः होमोसिस्टीन वाढलेल्यांना झाला. हा अभ्यास जाहिरातींमध्ये हमखास असतो. त्याच वर्षी कॅनडातून दुसरा अभ्यास आला, तो जाहिरातींत कधीच नसतो. मधुमेहामुळे मूत्रपिंड बिघडलेल्या २३८ रुग्णांपैकी निम्म्यांना हीच तीन जीवनसत्त्वं मोठ्या मात्रेत दिली होती. होमोसिस्टीन खाली आलं खरं, पण त्यांचं मूत्रपिंड वेगाने ढासळलं आणि हृदयविकाराचे झटके, स्ट्रोक अशा घटना जास्त झाल्या. म्हणून क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन या मूत्रपिंडाच्या तपासण्या बघितल्याशिवाय मधुमेही माणसाला बी गटाचे मोठे डोस मी लिहून देत नाही. कमतरता भरून काढण्यापुरतं देणं वेगळं आणि ‘मेंदूसाठी असू दे’ म्हणून देत राहणं वेगळं.

बी-१ म्हणजे थायमिन हे मला यातलं सर्वांत कुतूहलाचं वाटतं. ग्लुकोजच्या ज्वलनात ते मोक्याच्या जागी बसलेलं असतं. २००७ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांना आढळलं की टाइप १ मधुमेहींच्या प्लाझ्मामध्ये थायमिन निरोगी लोकांपेक्षा ७६ टक्के आणि टाइप २ मध्ये ७५ टक्के कमी आहे, आणि बरंचसं लघवीवाटे निसटून जातंय. त्याचं चरबीत विरघळणारं रूप, बेनफोटियामिन, प्राण्यांमध्ये डोळ्यांच्या पडद्याचं नुकसान रोखतं असंही २००३ मध्ये दिसलं होतं. तर्क सुंदर आहे, पण माणसाच्या मेंदूवरचा पुरावा अजून तोकडा आहे. मी थायमिन कधी देतो? सारख्या उलट्या होत असतील, वजन झपाट्याने उतरत असेल, लठ्ठपणाची शस्त्रक्रिया झाली असेल, दारू असेल किंवा लघवी वाढवणारी औषधं दीर्घकाळ चालू असतील तेव्हा. अशा माणसाचा अचानक गोंधळ उडाला, चाल डगमगली, डोळे तिरळे झाले तर ती आणीबाणी असते आणि थायमिन शिरेतूनच द्यावं लागतं.

बी-६बद्दल सावध राहा, कारण ते लपून येतं. मल्टीव्हिटॅमिनमध्ये असतं, ‘नसांच्या गोळी’त असतं, कधी केसांच्या गोळीतही असतं. जास्त झालं की बी-६ स्वतःच मज्जातंतूंना इजा करतं: मुंग्या, बधिरपणा, तळव्यांची आग. मग आग होते म्हणून आणखी ‘नसांची गोळी’. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी वरची मर्यादा दिवसाला १२ मिलिग्रॅमवर आणली. अमेरिकेत ती अजून १०० आहे. मर्यादा कोणतीही धरा, सगळ्या पट्ट्यांवरचे आकडे मिळवून बेरीज करा. मी रुग्णांना ती माझ्यासमोर करायला लावतो, आणि बेरीज पाहून बहुतेकांचा चेहरा बदलतो.

ई, सी आणि इतर अँटिऑक्सिडंटवर मी फार वेळ घालवणार नाही. साखरेमुळे मायटोकॉन्ड्रियाच्या आत घातक रेणू सतत तयार होत असतात. त्यावर बाहेरून अँटिऑक्सिडंटचा मारा करणं म्हणजे छत गळत असताना फरशी पुसत बसणं. मोठ्या चाचण्यांत स्मृतिभ्रंश टळल्याचं दिसलेलं नाही. ईच्या मोठ्या डोसने रक्तस्रावाची शक्यता वाढते, मेंदूतल्या रक्तस्रावाचीही. आई ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं दुसरं काही घेत असतील तर ई ४०० माझ्या यादीतून पहिलं जाईल. अल्झायमर निश्चित झालेल्यांना दिवसाला २००० युनिट ई देऊन दैनंदिन कामांतली घसरण थोडी मंदावल्याचं २०१४ मध्ये दिसलं होतं, पण तो विषय वेगळा. तिथे फायदा-तोटा तोलून डॉक्टर देतात, प्रतिबंध म्हणून नाही.

सीचा प्रश्न मात्र थेट त्या पहाटेच्या घामाशी जोडलेला आहे. ग्लुकोज मोजणाऱ्या काही सेन्सरच्या माहितीपत्रकातच छापलेलं असतं की दिवसाला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सी घेतल्यास आकडा खऱ्यापेक्षा वर दिसू शकतो. आई १००० घेतात. फरक मोठा नसेलही, पण सेन्सरवर ७८ आणि रक्तात ६६ असेल तर ‘ठीक’ आणि ‘साखर खाली गेली’ यांमधली रेघ नेमकी तिथेच असते. उद्यापासून सी १००० बंद करा. पुन्हा घाम आला, थरथर वाटली, त्या असंबद्ध बोलल्या, तर सेन्सरवर न थांबता बोटातून रक्त घेऊन ग्लुकोमीटरवर तपासा. ७० च्या खाली असेल तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा.

बायोटिनही असंच तपासण्यांत ढवळाढवळ करतं. शरीराची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅम, केसांच्या गोळीत ५ ते १० मिलिग्रॅम. काही प्रयोगशाळांच्या पद्धतीत यामुळे थायरॉइडच्या तपासणीतलं टीएसएच खोटं कमी दिसतं, आणि हृदयविकाराच्या झटक्यात बघतात ते ट्रोपोनिनही. विसराळूपणाच्या तपासात थायरॉइड बघावंच लागतं, तेव्हा आधी निदान दोन-तीन दिवस बायोटिन बंद हवं. खरं सांगायचं तर कायमचंच बंद केलं तरी चालेल.

डी कमी असेल तर जरूर भरून काढा, हाडांसाठी. मेंदूसाठी म्हणून त्याचा फायदा चाचण्यांत सिद्ध झालेला नाही. पातळी न तपासता मोठे डोस महिनोन्महिने चालू राहिले तर रक्तात कॅल्शियम वाढतं, त्यानं तहान लागते, लघवी जास्त होते, बद्धकोष्ठ होतं आणि माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. मधुमेहीच्या घरी तहान आणि लघवी वाढली की संशय साखरेवर जातो, कॅल्शियमचा विचार कोणाच्या मनात येत नाही. तेव्हा डी तपासताना कॅल्शियमही तपासून घ्या.

साध्या मल्टीव्हिटॅमिनला माझी हरकत नाही. अमेरिकेतल्या एका अलीकडच्या चाचणीमालिकेत वयस्कांच्या स्मरणशक्तीला त्याने किंचित हात दिल्याचं दिसलं. त्याआधी पुरुष डॉक्टरांवर सुमारे बारा वर्षं चाललेल्या चाचणीत काहीच फरक दिसला नव्हता. मनाला बरं वाटत असेल तर दिवसाला एक चालू ठेवा, फक्त बी-६च्या बेरजेत ते धरा.

आता त्या ६.३ कडे येतो. तुम्ही तो आकडा अभिमानाने लिहिलाय. आई फक्त मेटफॉर्मिनवर असत्या तर मीही कौतुक केलं असतं. पण सोबत ग्लिमेपिराइड आहे, आणि हे औषध जेवण झालं की नाही याची वाट न बघता साखर खाली ढकलतं. ज्या व्यक्तीला गोळी घेतल्याचं आठवत नाही ती दुसऱ्यांदा घेते, नाहीतर गोळी घेऊन जेवण विसरते. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या १६ हजारांहून अधिक वयस्क टाइप २ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. साखर धोकादायक घसरल्यामुळे एकदा जरी रुग्णालयात जावं लागलं असेल तरी पुढे स्मृतिभ्रंशाचं प्रमाण २६ टक्क्यांनी जास्त होतं, आणि दोनदा असेल तर ८० टक्क्यांनी. कार्यकारणाची दिशा दोन्हीकडून असू शकते, विसराळूपणामुळेही साखर घसरतेच. उलट बाजूने, साखर अगदी कडक ताब्यात ठेवून बुद्धी जास्त टिकते का, हे पाहणाऱ्या २०११च्या मोठ्या चाचणीत स्मरणाला फायदा मिळाला नाही. म्हणून वयस्क आणि विसराळूपणा असलेल्या रुग्णात मधुमेहतज्ज्ञ एचबीए१सीचं लक्ष्य सैल करून ८च्या आत समाधान मानतात. शिवाय बी-१२च्या कमतरतेत एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं, म्हणजे आईंची खरी सरासरी ६.३ पेक्षाही खाली असण्याची शक्यता आहे. ग्लिमेपिराइड कमी करायचं का, बदलायचं का, हा विषय घेऊन या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा. स्वतःहून बंद करू नका, पण तारीख पुढेही ढकलू नका.

भेटीला जाताना सगळ्या पट्ट्या, बाटल्या एका पिशवीत घालून न्या. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), बी-१२, फॉलेट (फॉलिक ॲसिडची पातळी), टीएसएच, क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, सोडियम, कॅल्शियम आणि डी इतक्या तपासण्या मी सांगितल्या असत्या. रक्तदाब आडवं पाडून आणि उभं करून, दोन्ही वेळा. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांसाठी तो १३०/८० च्या आत राहणं हे माझ्या मते कुठल्याही गोळीपेक्षा मोलाचं आहे. एक छोटी लेखी स्मरण-चाचणीही करून घ्या, म्हणजे सहा महिन्यांनी तुलना करायला काहीतरी हातात असेल. ऐकू कमी येतं का, मन उदास आहे का, रात्री घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं आहे का, हेही डॉक्टरांना सांगा. कित्येकदा ‘विसरल्या’ म्हणजे मुळात ऐकूच आलेलं नसतं. तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं असं अचानक झालं तर मात्र साखर तपासा आणि थेट रुग्णालय गाठा.

बी-१२ सुरू झालं तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. त्या काळात नव्या लाल पेशी भराभर तयार होतात, त्यामुळे एचबीए१सी एकदम खाली आलेलं दिसेल. त्या आकड्यावरून कोणतंही औषध वाढवायचं किंवा कमी करायचं नाही. तेवढे महिने निर्णय बोटातल्या रक्ताच्या नोंदवहीवर घ्या: सकाळी उपाशीपोटी, रात्री झोपण्याआधी आणि आठवड्यातून दोनदा पहाटे तीनच्या सुमारास.